झुंबरबाईची घार

तिकोणा पेठेत माणसाची ओळख सांगताना आधी त्याचं शेत सांगतात, मग त्याची खोड सांगतात, आणि तेवढ्यावरही समोरच्याला कळलं नाही तरच नाव घेतात. झुंबरबाईला शेत नव्हतं, त्यामुळे तिची ओळख थेट खोडीपासून सुरू व्हायची. "विमानं वळखती ती बाई" म्हटलं की पवन मावळात पुढे काही विचारावं लागत नसे. मी सांगतोय ती सदतीस-अडतीस सालची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात मोटार आली तरी लोक हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचे, आणि ही बाई मात्र डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून आभाळातल्या विमानाची जातकुळी सांगायची. आता वाचणाऱ्याला हसू येईल. तेव्हा आम्हालाही यायचं.

दिसायला ती चारचौघींसारखीच होती. बुटकी, काटक, कपाळावर गोंदण. नवरा ऐन तारुण्यात गेला होता. मुलगा नथू लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी होता आणि जमेल तेव्हा डोंगर ओलांडून घरी यायचा. घरात झुंबरबाई आणि सून शालू. दोघींचं बरं चाललं होतं, म्हणजे दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत. आमच्याकडे सासू-सुनेचं पटण्याची हीच खूण मानतात.

तिचा डोळा तयार झाला होता तो कोंबड्या राखताना. लहानपणी बापानं तिला अंगणात बसवलं होतं, आणि घार पिल्लू उचलून घेऊन गेली तर मार ठरलेला होता. मार खायचा नसेल तर घार डोंगरावर ठिपक्याएवढी असतानाच ओळखायला हवी. गिधाड पंख न हलवता तरंगतं, शिक्रा झाडांच्या आडून येतो, घार शेपूट वळवून वळते. ही विद्या तिला पोटापाण्याला कधी उपयोगी पडली नव्हती. विमानं आली तेव्हा मात्र ती उपयोगी पडली.

पहिलं विमान पवन मावळावरून गेलं तेव्हा गावानं नारळ फोडला होता. दुसऱ्या वेळी नुसतं पाहिलं. पुढे पुढे कुणी मानही वर करेना, कारण गावाचं कौतुक तेवढंच टिकतं. झुंबरबाई मात्र रोज बघायची. ते टपालाचं विमान होतं. दिवस कलला की पूर्वेकडून, पुण्याच्या बाजूनं यायचं आणि तुंगच्या डोंगरावरून मुंबईकडे उतरायचं. त्याला एकच पंख होता, पाठीवर आडवा टाकलेला, आणि नाकावर एकच भिरभिरं. पोटाखाली दोन चाकं लोंबायची. पिल्लू उचलून नेणाऱ्या घारीचे पाय असेच लोंबतात, असं झुंबरबाई म्हणाली, आणि त्या विमानाचं नाव 'घार' पडलं.

मग दुसरं विमान दिसू लागलं. त्याला एकावर एक असे दोन पंख, मध्ये काड्या-तारा, आणि दोन बाजूंना दोन भिरभिरी. याच्या कुशीला ओळीनं खिडक्या होत्या. ऊन तिरपं असलं की त्या एकामागून एक चमकायच्या. पावसाळ्याच्या शेवटी भाताच्या खाचरांवर चार पंखांचे चतुर उडतात, तसं ते दिसायचं, म्हणून त्याचं नाव 'चतुर' झालं. त्यात माणसं बसून जातात ही बातमी आमच्याकडे तळेगावच्या बाजारातून आली. त्यावर बायकांत पुष्कळ दिवस चर्चा चालली होती.

"वरून आपून केवढं दिसत आसू?" कुणीतरी विचारलं.

"मुंगीयेवढं," झुंबरबाई म्हणाली.

"मंग बरंय. मुंगी बसली का उभी, त्ये कुनी बगत न्हाई."

पुढे पुण्यात मला या विमानांची खरी नावं कळली. ती इथे देत नाही, कारण पवन मावळावरून त्या नावांचं एकही विमान कधी उडालं नाही.

आता महिपती आबांकडे यायला हवं. हे माझे सख्खे चुलते. गावातली नदीकाठची चांगली खाचरं त्यांची होती, आणि कार्तिकात भात कापणीला ते बायकांची टोळी लावायचे. टोळीची म्होरकी झुंबरबाई. मजुरी रोजच्या रोज भाताच्या पेंढीत मिळायची. सुटायच्या वेळी प्रत्येकीनं आपली पेंढी उचलायची आणि घरी जायचं. पण आबांचा एक दंडक होता. टोळी सुटेल ती एकदम सुटेल. एखादी मध्येच उठली तर त्या दिवशी कुणालाच पेंढी नाही. माझे चुलते वाईट होते असं मी म्हणणार नाही. ते फक्त शेतमालक होते.

भांडण व्हायचं ते सुटायच्या वेळेवरून. आमची खाचरं अशी वसली होती की ऊन चांगलं तापलेलं असतानाच सूर्य तिकोण्याच्या किल्ल्याआड जाई. किल्ल्याची सावली शेतावर पडली की बायका म्हणायच्या, दिवस बुडाला. आबा पलीकडच्या डोंगराकडे बोट करून म्हणायचे, तिकडे बघा, अजून ऊन आहे. दोघांचंही खरं होतं. आबांकडे साखळीचं घड्याळ होतं, पण ते सुगीत नेमकं मागे पडायचं आणि बायका न्याहारीला बसल्या की पुढे धावायचं. त्या घड्याळावर आमच्या घरातल्या माणसांचाही विश्वास नव्हता, मग टोळीचा कुठून असणार? आगगाडी ऐकू यावी तर रेल्वे डोंगरापलीकडे. एका सुगीत हे रोजचं रडगाणं इतकं वाढलं की बायकांनी अर्धं खाचर उभं ठेवून विळे टाकले.

तेव्हा तोडगा काढला झुंबरबाईनंच.

"आबा, तुमचं घड्याळ तुमच्या खिशात ऱ्हातं, आन् आमची सावली आमच्या पायाखाली," ती म्हणाली. "दोगांच्याबी हातात न्हाई आसं कायतरी धरा. घार गेली की इळा खाली."

आबांनी विचार केला. विमान सरकारचं टपाल नेतं, ते मजुरांच्या सांगण्यावरून लवकर यायचं नाही आणि आपल्या सांगण्यावरून उशिराही यायचं नाही. त्यांनी मान डोलावली. जगात ज्या कामासाठी कुणी विमान उडवलं नसेल त्या कामाला आमच्या गावानं ते जुंपलं, आणि ते एक सुगी उत्तम चाललं. बायका उजेडी घरी जाऊ लागल्या. आबांचंही भात वेळेवर खळ्यावर आलं.

पुढच्या सुगीच्या तोंडाला चतुर रोज येऊ लागला, तोही घारीच्या बराच आधी. आवाज आला की मागच्या ओळीतल्या बायका विळे टाकून मोकळ्या. आबा संतापले. "आज ह्ये इमान दावता, उद्या गिधाड दावाल!" त्यांचं म्हणणं असं पडलं की विमान कोणतं ते एकीनंच सांगायचं, आणि त्या एकीनं वाघजाईसमोर भंडारा उचलायचा. म्हणजे देवीपुढे हातात बेलाचं पान आणि हळद घ्यायची आणि शब्द द्यायचा. आमच्याकडे जमिनीच्या बांधापासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळं भंडाऱ्यावर मिटतं. कोर्ट पुण्याला आहे आणि वाघजाई चढाच्या वरच्या टोकाला आहे.

भंडारा अर्थातच झुंबरबाईनं उचलला. मी दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून आलो होतो आणि तिथे हजर होतो. ती म्हणाली, "घार गेली तर घार सांगंन, चतुर गेला तर चतुर सांगंन. खोटं बोलले तर ज्या डोळ्यांनी बगितलं ते डोळं देवीचं." आबांनीही पान उचललं. "ही घार म्हनंल तेव्हा मी टोळी सोडीन. हिच्या बोलन्यावर मी बोलनार न्हाई." गुरवानं दोघांच्या कपाळाला हळद लावली. हा शब्द भात खळ्यावर येऊन खळ्याची पूजा होईपर्यंत बांधलेला. एका सुगीला एकच भंडारा, मध्येच तो बदलता येत नाही.

शब्द देताना त्या सगळ्यांनी एक चूक केली, आणि ती चूक आमच्याच लोकांनी करावी अशी होती. टपाल गेलं की सुटायचं, असं कुणी म्हणालं नाही. घार गेली की, असं म्हणाले. गावाला तो एकच अर्थ वाटत होता. आणि देवी अर्थ ऐकत नाही, शब्द ऐकते, हेही गावच मानत होतं.

रोजचा रिवाज असा पडला. आवाज आला की आबा बांधावरच्या आंब्याखालून हाक द्यायचे, "झुंबरे, काय गेलं?" ती कंबर सरळ करून वर बघायची. "चतुर." विळे चालू राहायचे. मग उन्हं उतरली की पुन्हा तेच. "काय गेलं?" "घार." टोळी मोकळी. शेजारच्या बायकांना ती ओळखायला शिकवायची, पण पंख मोजणं ती नंतरचं मानायची. "आदी चाल बगा," ती म्हणायची. "चतुर थरथरत जातो, अंगावर वजं हाय त्येच्या. घार वाऱ्यावर टेकून जाती. पंख काय, ढगात घुसलं तर दिसनार बी न्हाईत." एकदा एक थोरला चतुर गेला, चार भिरभिऱ्यांचा. तो तिनं नुसत्या लांबीवरून वेगळा काढला. मला ते पाहायला मजा वाटे. खरं सांगायचं तर सुट्टीत मला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

या सगळ्यात एकीच्या जिवाला मात्र मजा नव्हती. ती शालू.

मागच्या सुगीत शालूचं पहिलं पोर याच खाचराच्या बांधावर झोळीत निजलं होतं. झोळीत विंचू शिरला. उतारा करणाऱ्या भगताला आणेपर्यंत पोर गेलं. त्यानंतर तिला दुसरी मुलगी झाली, कस्तुरा, आणि या सुगीत ती अगदी तान्ही होती. शालू तिला शेतावर आणायला तयार नव्हती. कुणी काही सुचवलं तरी ती नुसती मान हलवायची. पोर नदीपलीकडे वाडीवर, शेजारच्या धोंडाबाईपाशी राहायचं. दुपारी शालू नदी ओलांडून पळत जायची आणि पाजून पळत यायची. संध्याकाळी घार गेली की पेंढी डोक्यावर घेऊन पुन्हा पळायची. पोरीला शेळीचं दूध सोसत नव्हतं, ओकायची. म्हणजे त्या पोरीचं सगळं पोषण आबांच्या दुपारच्या सुट्टीवर आणि आभाळातल्या घारीवर लटकलेलं होतं. झुंबरबाईला हे ठाऊक होतं. ती बोलत नसे, पण घार थोडी उशिरा आली की तिची नजर पुण्याच्या दिशेला लागून राहायची आणि विळा आपोआप चालत असायचा.

आणि एका संध्याकाळी घार आलीच नाही.

चतुर मात्र आला. नेहमीच्या वेळी नाही, घारीच्या वेळी. आबांनी विचारलं, "काय गेलं?" झुंबरबाईनं पाहिलं आणि सांगितलं, "चतुर." बायका पुन्हा वाकल्या. तिकोण्याची सावली नदीपार गेली, पलीकडच्या डोंगरावरचं ऊनही विझलं. विळ्याचं पातं दिसेना तेव्हा आबा स्वतःच म्हणाले, आता हात कापून घ्याल, जा. दुसऱ्या दिवशी तेच, आणि नंतरही तेच झालं. अंधारात नदी ओलांडायची, वाट बिबट्याची. बायका एकमेकींचे पदर धरून जायच्या. शालू पुढे पळू शकत नव्हती, कारण वाट दिसत नव्हती.

घरी पोर रडून रडून थकलेलं असायचं. धोंडाबाईनं सांगितलं की आता पोरगी मोठ्यानं रडतही नाही, नुसती कुरकुरते. थकलेलं पोर छातीशी धरलं तरी ओढत नव्हतं, दोन घोट घेऊन झोपायचं. इकडे शालूच्या छातीत दूध साचून गाठी धरल्या होत्या. अंगात कणकण होती. ती भात कापत होती तशीच कापत राहिली, फक्त तिच्या चोळीवर ओले डाग दिसायचे आणि बायका तिकडे बघत नसत.

मग टपालवाला हौशीराम आला. तो कामशेतहून टपालाची थैली घेऊन चालत यायचा आणि प्रत्येक घरी पाणी पिऊन बातमी द्यायचा. त्यानं सांगितलं, "घार आता न्हाई यायची. ते इमान मोडीत काढलं. आता टपाल आन् मानसं एकाच इमानातनं जात्यात, त्या दोन पंखांच्या."

बायकांना हायसं वाटलं. त्या आंब्याखाली गेल्या. "आबा, आता चतुरच टपालाचं. चतुर गेला की सोडा."

आबांनी पानाला चुना लावला. "भंडाऱ्यावर टपालाचं नाव घेतलं व्हतं का कुनी? घारीचं घेतलं."

"पन घार येनारच न्हाई!"

"त्ये मला नका सांगू. वाघजाईला सांगा."

गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, शब्द तो शब्द, खळ्याची पूजा होईपर्यंत काही करता येत नाही. बायका झुंबरबाईकडे वळल्या. ती दुसरं काहीतरी बोलेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली, "खरं हाय. घारच म्हनले मी." तिच्याच तोंडचा शब्द तिच्याच गळ्यात पडला होता आणि ती तो झटकायला तयार नव्हती. त्या दिवशी टोळीतल्या अर्ध्या बायका तिच्याशी बोलल्या नाहीत. शालू तर तशीही बोलत नव्हती.

मला चुलत्यांचा राग येतो तो इथे. त्यांना कायदा कळत होता आणि पोर कळत नव्हतं असं नाही. दोन्ही कळत होतं. भात पिकून ओंब्या झडायला आल्या होत्या, आणि कायदा त्यांच्या बाजूनं होता. आयती चालून आलेली संधी कुणी सोडत नाही, त्यांनीही सोडली नाही. मी जेवताना एकदा विषय काढला. ते म्हणाले, "तू पुण्याला शिकतोस ना? मग शीक." मी पुढचा घास घेतला.

त्यानंतरची संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. आभाळ इतकं निवळ होतं की तिकोण्याच्या बुरुजाचे दगड वेगवेगळे दिसत होते. दुपारी शालू घरी जाऊन आली होती आणि येताना तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. धोंडाबाईच्या मांडीवर पोर झोपलं होतं, आणि शालूनं हलवलं तरी जागं झालं नव्हतं. हे तिनं सासूला सांगितलं. इतक्या दिवसांत ती सासूशी एवढंच बोलली असेल.

"उठंना आत्याबाई ती. लय हलवलं."

झुंबरबाईनं ऐकलं आणि पुढचा कडपा कापला.

आवाज पूर्वेकडून आला. दोन भिरभिऱ्यांचा, जड. ते विमान अगदी आमच्या डोक्यावरून गेलं. एकावर एक पंख, मधल्या काड्या, तारा, कुशीच्या खिडक्या. आतलं माणूस दिसलं असं एकीनं नंतर सांगितलं. त्यावर माझा विश्वास नाही, पण बाकी सगळं मीच पाहिलं. आंधळ्यालाही तो चतुर आहे हे कळलं असतं.

"झुंबरे, काय गेलं?" आबांनी आंब्याखालून विचारलं.

झुंबरबाई उभी राहिली. तिनं कपाळावर हात धरला. ती इतका वेळ बघत राहिली की विमान तुंगच्या डोंगरापाशी पोचलं. सगळ्या बायका वाकलेल्याच होत्या, पण एकीचाही विळा चालत नव्हता.

"घार," ती म्हणाली.

मागच्या ओळीत कुणीतरी हसलं आणि हसू तोंडातच दाबलं. आबा आंब्याखालून बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं. विमान अजून दिसत होतं, आणि त्याचे पंखही.

"नीट बग," आबा म्हणाले.

"बगितलं. घार हाय."

"झुंबरे, भंडारा उचललायस."

"म्याच उचललाय आबा. डोळं बी माजंच हायेत."

आबा काही बोलले नाहीत. हिच्या बोलण्यावर बोलणार नाही, असं त्यांनीही पान हातात घेऊन म्हटलं होतं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मला वाटलं होतं ते चिडतील. पण ते घाबरले होते. एखादी बाई आपल्यासमोर, भर उजेडात, स्वतःचे डोळे देवीला देऊन टाकते, हे पाहायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी हातानंच खूण केली, जा. विळे खाली पडले. शालूनं पेंढीही उचलली नाही. ती नदीकडे धावली. तिची पेंढी झुंबरबाईनं स्वतःच्या पेंढीवर घेतली आणि ती मागून चालत गेली.

पोर जगलं. त्या रात्री दूध ओढलं, आणि थोड्या दिवसांत मोठ्यानं रडायला लागलं. आमच्या वाडीत पोरीच्या रडण्याचा इतका आनंद त्याआधी कुणाला झाला नसेल.

पण गोष्ट त्या एका संध्याकाळीच संपली नाही. भात अजून उभं होतं. रोज चतुर यायचा. आबा रोज विचारायचे, "काय गेलं?" आणि ती रोज सांगायची, "घार." आबांना ते विचारणं सोडून देता आलं असतं. बाईला रोज नव्यानं खोटं बोलावं लागलं नसतं. हे त्यांना सुचलं नाही, की सुचूनही जमलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं झालं असावं. खळ्याची पूजा झाली तेव्हा सगळी टोळी वाघजाईला गेली. झुंबरबाई देवळाच्या पायरीखालीच उभी राहिली. गुरवानं प्रसाद खाली आणून दिला, तो तिनं शालूच्या हातात दिला.

पुढच्या सुगीपासून आबांनी घड्याळ दुरुस्त करून आणलं. ते बरोबर चालायचं.

मग लढाई आली. लढाईत आमच्यावरून हर तऱ्हेची विमानं गेली, पण झुंबरबाई वर बघेनाशी झाली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला नगा इचारू. माजं सांगनं खोटं ठरलंय." लढाई संपता संपता तिची नजर खरंच कमी झाली. आधी सुईत दोरा जाईना, मग माणूस आवाजावरून ओळखायला लागली. नथूनं तिला तळेगावच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, म्हातारपणी सगळ्यांनाच होतो, पुण्याला नेऊन काढून घ्या, दिसायला लागेल. नथू तयार होता. शालू तर पाया पडली. झुंबरबाई ऐकेना.

"दिल्यालं मागारी घ्याचं न्हाई," ती म्हणाली.

मी स्वतः तिला समजावायला गेलो होतो. हा आजार आहे, याचा त्या शब्दाशी काही संबंध नाही, आबांनाही मोतीबिंदू झालाय आणि त्यांनी तर काही खोटं सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आरं बाबा, तुला काय सांगू. इतकी वर्सं मला भ्या वाटायचं. म्हनलं, देवी डोळं सोडून पोरीलाच न्हेती का काय. आता डोळं गेलं. आता पोरीला भ्या न्हाई." एवढं बोलून ती समाधानानं पान चघळत बसली.  मला त्या म्हातारीचं वाईट वाटत होतं आणि तिला मात्र बरं वाटत होतं.

सत्तेचाळीस साली, दिवाळीनंतर, मी असाच एकदा त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. कस्तुरा आता मोठी झाली होती. खालच्या खाचरात तिचा आरडाओरडा चालला होता. शालू सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. झुंबरबाई भिंतीला टेकून ऊन खात होती. तिच्या दोन्ही बुबुळांवर पांढरं धुकं होतं.

पूर्वेकडून आवाज आला. हे लढाईनंतरचं नवं विमान, आता यातूनच लोक मुंबईला जायचे. एकच पंख, पण पोटाशी जोडलेला. दोन मोठी भिरभिरी, चंदेरी अंग, आणि पोट असं फुगलेलं की वाडीतल्या बायका त्याला 'गाभण' म्हणायच्या. खिडक्यांची रांग उन्हात चमकत होती. त्याचा घरघराट सगळ्या पवन मावळात भरून राहिला.

झुंबरबाईनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं विचारलं, "काय गेलं गं?"

शालूनं सूप खाली ठेवलं. तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं, अगदी सासू बघायची तसंच. विमान तुंगच्या डोंगराकडे जाईपर्यंत ती बघत होती.

"घार गेली, आत्याबाई," शालू म्हणाली. "लोंबते पाय दिसलं."

 घारीला एकच भिरभिरं होतं, आणि आत्ता डोक्यावरून दोन भिरभिऱ्यांचा आवाज गेला होता. झुंबरबाईचे कान शाबूत होते.

"डोळं जप गं बाय आपलं," ती म्हणाली.